जुने नाट्य-पोस्टर घेताना चित्र शेवटी बघा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या रंगीत नाट्य-पोस्टर्सची भुरळ पडली, की नवखा माणूस आधी चित्रच बघत सुटतो. चित्रकार ज्यूल शेरेच्या हवेत तरंगणाऱ्या नर्तकी, आल्फोन्स मुखाने काढलेली नटी सारा बर्नहार्ट, तुलूझ-लोत्रेकचे ‘मुलाँ रूज’ या नाचघराचे पोस्टर. फसगत होते ती इथेच, कारण चित्र नकलेतही तेच असते. खरे-खोटे कळते ते मापावरून, तळाच्या बारीक ओळीवरून, रंगाच्या दाण्यावरून आणि कागदाच्या पाठीवरून. पुढचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. भर पॅरिसवर आहे. लंडन आणि अमेरिकेची पोस्टर्स जिथे वेगळी वागतात तिथे तसे सांगितले आहे.

आधी हाताशी काय असावे ते:

- १० पट मोठे दाखवणारे भिंग. ३० पटीचे खेळण्यातले सूक्ष्मदर्शक नको. त्यात दाणा दिसतो, पण आकृतिबंध हरवतो.
- लवचीक मोजपट्टी, किमान अडीच मीटरची. सेंटिमीटर आणि इंच दोन्ही असलेली.
- ३६५ नॅनोमीटरची अतिनील बॅटरी. ३९५ ची स्वस्त मिळते, पण तिच्या जांभळ्या उजेडात निकाल नीट वाचता येत नाही.
- साधी बॅटरी, आडव्या उजेडात कागद तपासायला.
- मऊ शिसपेन्सिल आणि वही. पोस्टरजवळ बॉलपेन आणायचेच नाही.
- धुऊन कोरडे केलेले हात. सुती हातमोज्यांमुळे कागदाची फाटकी कड अडकते आणि फाटत जाते.

१. समोर आहे ते नेमके काय, हे ठरवा

एकाच चित्राच्या नावाखाली बाजारात निदान चार वेगळ्या वस्तू फिरतात.

पहिली, खरे पोस्टर: त्या काळी, त्या प्रयोगाच्या जाहिरातीसाठी दगडावरून किंवा जस्ताच्या पत्र्यावरून छापलेले. दुसरी, मजकूर चढवण्याआधी काढलेली प्रत. १८९० च्या दशकात पॅरिसमध्ये पोस्टर जमवण्याचे वेडच लागले होते. त्या हौशी लोकांसाठी छापखाने अशा काही प्रती वेगळ्या काढत आणि चित्रांचे व्यापारी त्या विकत. त्यामुळे अक्षरे नाहीत एवढ्यावरून कागद खोटा ठरत नाही.

तिसरी वस्तू सगळ्यात जास्त गोंधळ घालते. डिसेंबर १८९५ ते १९०० या काळात पॅरिसच्या शेक्स छापखान्याने गाजलेल्या पोस्टर्सच्या लहान आवृत्त्या दरमहा चार अशा काढल्या. विशेष पाने धरून एकूण २५६. आकार साधारण २९ × ४० सेंटिमीटर, कोपऱ्यात शाई नसलेला उठावाचा शिक्का आणि तळाशी पानाचा क्रमांक. ही पाने जुनी आहेत, शिळाछाप (दगडावरून छापलेली, म्हणजेच लिथोग्राफ) आहेत, घेण्याजोगीही आहेत. पण ती कधी भिंतीवर लागली नाहीत. विक्रेता ‘१८९६ चे मूळ लिथोग्राफ’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. तुम्हाला वाटते ती वस्तू मात्र ती नसते.

चौथी, विसाव्या शतकातल्या नकला. त्यांच्यासाठीच पुढचे सगळे.

२. माप घ्या

पहिल्या पाच मिनिटांत नकली माल बाहेर काढायला याहून सोपी चाचणी नाही. शेरेची मोठी पोस्टर्स साधारण १२४ × ८८ सेंटिमीटरची. मुखाचे ‘जिस्मोंदा’ या नाटकाचे पोस्टर उभे आणि अरुंद, सुमारे २१६ × ७४, दोन कागद जोडून केलेले. लोत्रेकचे १८९१ चे ‘मुलाँ रूज’ सुमारे १९० × ११७, तेही जोडकागदांचे. लंडनच्या नाटकांसाठी ‘डबल क्राउन’ म्हणजे २० × ३० इंच हा ठरलेला कागद होता. अमेरिकेत एका कागदाचे पोस्टर साधारण २८ × ४२ इंच आणि त्याहून मोठी पोस्टर्स कागदांच्या पटीत मोजली जात.

आता ५० × ७०, ६० × ९० सेंटिमीटर किंवा २४ × ३६ इंच आले, तर सावध व्हा. ही आजच्या तयार फ्रेमची मापे आहेत. शेरेचे चित्र बरोबर ६० × ९० मध्ये बसले असेल, तर त्याला बसवलेले आहे.

मोजताना तीन गोष्टी सांभाळा. कापडावर चढवलेले असेल तर कापड सोडून फक्त कागद मोजा. चित्राचे आणि कागदाचे माप वेगवेगळे लिहा; संग्रहालयांच्या नोंदीत कधी एक असते, कधी दुसरे. आणि सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या फरकाने घाबरू नका, कारण चढवताना कागद ओला होऊन पसरतो. पाच सेंटिमीटर कमी भरले, तर मात्र समास कापलेला आहे, आणि बहुधा त्याच्याबरोबर छापखान्याची ओळही गेली आहे.

जोडकागदांच्या पोस्टर्समध्ये एक कागद मागाहून आलेला असू शकतो. ‘मुलाँ रूज’चा वरचा नावाचा पट्टा बऱ्याच प्रतींत नसतो. तो नंतर रंगवून किंवा नव्याने छापून जोडतात, आणि तसे असेल तर किंमत बरीच खाली यायला हवी. जोडाच्या दोन्ही बाजूंचा कागद भिंगाखाली आणि अतिनील उजेडात सारखाच दिसतो का, ते बघा.

३. तळाची बारीक ओळ वाचा

छापखान्याचे नाव आणि पत्ता तळाशी किंवा कडेला अगदी लहान अक्षरांत असतो. नवखे लोक ती ओळ बघत नाहीत. जाणकार तिथूनच सुरुवात करतात.

शेरेची ओळ तर जवळजवळ पंचांगच आहे. तो लंडनहून परतला आणि १८६६ मध्ये इंग्लंडहून आणलेल्या यंत्रांवर पॅरिसमध्ये छपाई करू लागला. सुरुवातीच्या पोस्टर्सवर छापखाना त्याच्याच नावाचा आहे. १८८१ मध्ये तो शेक्सकडे गेला. त्यानंतर ‘शेक्स, शेरे शाखा’ असा मजकूर रू ब्रुनेलच्या पत्त्यासह येतो, आणि १८९० च्या दशकात ‘शेक्स, शेरे कार्यशाळा, २० रू बेर्झेर’. म्हणून विक्रेता १८७५ सांगत असेल आणि ओळीत शेक्स असेल, तर त्याच्याकडून चूक झाली आहे किंवा तुमची परीक्षा चालली आहे.

बाकीच्या जोड्या लक्षात ठेवायला फार नाहीत. ‘जिस्मोंदा’ लमर्सिये छापखान्याचे. ते १८९४ च्या अखेरीस घाईने झाले आणि १ जानेवारी १८९५ ला पॅरिसच्या भिंतींवर लागले. मुखाची त्यानंतरची बहुतेक पोस्टर्स शांपन्वा छापखान्याची. त्याच ‘जिस्मोंदा’चे चित्र १८९६ च्या अमेरिका दौऱ्यासाठी सिनसिनाटीच्या स्ट्रोब्रिज कंपनीने पुन्हा छापले. तीही त्या काळातलीच वस्तू, पण वेगळी, आणि तिची किंमत वेगळी करावी लागते. लोत्रेकच्या ‘मुलाँ रूज’वर शार्ल लेव्ही या छापखान्याचे नाव, तर त्याच्याच ‘दिवाँ जापोने’ या पोस्टरवर आंकूरचे.

अमेरिकन पोस्टर्समध्ये आणखी एक भानगड आहे. छापखाने सर्वसाधारण प्रसंगांची तयार चित्रे साठ्यात ठेवत: द्वंद्व, आगगाडी, बेशुद्ध पडलेली नायिका. नाटक मंडळी ती विकत घेऊन त्यांवर आपले नाव छापून घेत, आणि गावोगावचे थिएटर तारखेची पट्टी खाली चिकटवे. त्यामुळे खालची जागा कोरी असणे हा दोष नाही, आणि नावाची अक्षरे चित्रापेक्षा वेगळ्या छपाईची दिसणे हेही संशयाचे कारण नाही.

फ्रेंच पोस्टरवर करभरणीचा शिक्का किंवा तिकीट दिसले तर ते पुसून घ्यायच्या फंदात पडू नका. भिंतीवरच्या जाहिरातीला कर होता. ते त्या काळाचे चिन्ह आहे. मात्र ते नसल्याने काही बिघडत नाही. टिकलेल्या बऱ्याच प्रती भिंतीवर न लागताच संग्राहकांकडे गेल्या होत्या.

४. भिंग लावा

इथे वेळ घालवा. ही छपाई कशी होते हे एकदा डोक्यात बसले, की अर्ध्या नकला लांबूनच ओळखू येतात.

शिळाछापात चित्र कोरत नाहीत. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या चुनखडीवर तेलकट खडूने किंवा शाईने ते काढतात. मग दगड ओला करतात. चित्राचा तेलकट भाग पाणी घेत नाही, पण शाई घेतो; कोरा भाग पाणी धरतो आणि शाई झिडकारतो. रंगीत पोस्टरसाठी प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो आणि कागद तितक्या वेळा यंत्रातून जातो. पुढचा रंग मागच्यावर नेमका बसणे म्हणजे ‘रजिस्टर’. मोठ्या कागदावर ते केसभर हलतेच.

आपल्याकडच्या माणसाला सरावासाठी परदेशी जायची गरज नाही. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्मा प्रेसची जुनी देवदेवतांची चित्रे याच तंत्राची. घरात एखादे असेल तर त्यावर भिंग धरा: गालावर, बोटांवर रंगीत बारीक ठिपके दिसतील, हाताने मांडलेले, कुठे दाट कुठे विरळ. एक फरक मात्र ध्यानात ठेवा. रविवर्मा प्रेसला तैलचित्राचा भास हवा होता, म्हणून दगडांची संख्या वाढत जाई. शेरेला रस्त्यापलीकडून दिसणारे चित्र हवे होते. तो थोड्या दगडांत भागवी: रेखाटनाचा एक, लाल एक, आणि वरून खाली निळ्यातून पिवळ्याकडे उतरत जाणाऱ्या पार्श्वभूमीचा एक. पुढे त्याने काळी रेघही सोडून गडद निळी घेतली. त्यामुळे शेरेच्या खऱ्या पोस्टरमध्ये हिरवा बहुतेक वेळा निळ्यावर पिवळा पडून झालेला असतो, आणि भिंगाखाली ते दोन्ही रंग वेगवेगळे दिसतात.

भिंगात काय शोधायचे:

- खडूचा दाणा. दगडाचा पृष्ठभाग खरखरीत केलेला असतो, म्हणून खडूची रेघ तुटक, वाळूसारखी दिसते. दोन दाणे सारखे नसतात.
- उडवलेले शिंतोडे. लोत्रेक ब्रशवरची शाई सुरीने उडवून रंगाचे तुषार पाडी. ते लहान-मोठे, अस्ताव्यस्त असतात.
- सलग रंग. सपाट भागात रंग अखंड असतो, त्याला जाळी नसते.
- कडांवर डोकावणारे रंग. रजिस्टर हलल्यामुळे ओठांच्या बाहेर लालची बारीक कड दिसते. हा दोष शुभशकुन समजा.

आणि नकलेत: ओळीत मांडलेले समान अंतराचे ठिपके, चार रंगांची फुलासारखी नक्षी. ही ऑफसेटची, म्हणजे फोटोवरून होणाऱ्या यांत्रिक छपाईची, खूण. हे दिसले की बाकीची तपासणी बंद करा. ठिपक्यांऐवजी अगदी बारीक, धुळीसारखा फवारा सगळीकडे एकसारखा असेल, तर ती इंकजेटची प्रत. तिला विक्रेते ‘झिक्ले’ म्हणतात. फोटोवरून केलेल्या नकलेत बारीक अक्षरेही फसतात: पोकळ जागा भरतात, कडा बोथट होतात. म्हणून भिंग आधी छापखान्याच्या ओळीवर, मग चेहऱ्यावर.

दोन सापळे. ‘लिथोग्राफ’ हा शब्द ऑफसेटलाही लागू पडतो, तेव्हा तो शब्द म्हणजे पुरावा नव्हे. दुसरा: ‘मूळ दगडावरून नंतर काढलेली प्रत’. दगड महाग होते. काम संपले की ते घासून त्यांवर पुढचे चित्र काढत, त्यामुळे या दाव्याला भक्कम कागदपत्र मागा. हाताने शिळाछाप केलेल्या नकलाही विसाव्या शतकात झाल्या आहेत, म्हणून भिंगात पास झालेले पोस्टर पुढच्या पायरीवर नापास होऊ शकते.

तुलनेसाठी फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ‘गॅलिका’ संग्रह, पॅरिसचे कार्नाव्हाले संग्रहालय, लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस यांच्या मोठ्या प्रतिमा पडद्यावर उघडा आणि रेघेला रेघ ताडून बघा. रंग ताडू नका. पडद्याचा रंग विश्वासाचा नाही. शिवाय एकाच चित्राच्या वेगळ्या रंगांच्या छपायाही असतात. फोली बेर्झेर या पॅरिसच्या रंगमंदिरासाठी शेरेने १८९३ मध्ये केलेले नर्तकी लोई फुलरचे पोस्टर चार रंगसंगतींत निघाले, कारण तिच्या नाचात दिव्यांचे रंग बदलत.

५. कागद आणि त्याची पाठ

पोस्टरचा कागद स्वस्त, लाकडाच्या लगद्याचा, आम्लयुक्त. सव्वाशे वर्षांत तो पिवळसर, कडांना तपकिरी आणि ठिसूळ होतो. शुभ्र, लवचीक कागदावरचे १८९५ चे पोस्टर म्हणजे एक तर ते धुतलेले आहे, नाहीतर नवे.

खोलीत अंधार करा आणि अतिनील बॅटरी लावा. कागद निळसर पांढरा पेटल्यासारखा चमकला, तर त्यात शुभ्रकारक रसायन आहे. ते कागदात सर्रास आले दुसऱ्या महायुद्धानंतर. जुना कागद मंद, पिवळट दिसतो. गल्लत होते ती पाठीच्या कापडामुळे. कापड साबणाने धुतलेले असेल तर ते झगझगते आणि फाटीच्या भेगांतून उजेड दिसतो. निकाल फक्त पुढच्या कागदावरून द्या. याच उजेडात मागाहून भरलेला रंग काळपट ठिगळासारखा उठून दिसतो; त्या जागा वहीत आकृती काढून टिपून ठेवा.

मग साधी बॅटरी कडेने आडवी धरा. घडीच्या रेषा, पापुद्रे, जोड, आतून भरलेली भोके सगळे वर येते.

६. दुरुस्ती किती चालेल

अगदी निष्कलंक प्रतीचा हट्ट धरू नका. पातळ कागदावरची ही पोस्टर्स घडी घालून ठेवलेली असत, त्यामुळे घडीच्या रेषा आणि कडेच्या लहान फाटी गृहीतच धरायच्या. चेहरा, हात आणि मुख्य अक्षरे शाबूत आहेत का, याला वजन द्या. समासातली चार इंचांची फाट परवडते. डोळ्यावरून गेलेली अर्ध्या इंचाची नाही.

व्यापारी अ, ब, क अशी प्रतवारी देतात. ती प्रत्येकाची आपापली असते, म्हणून अक्षरावर न जाता दोषांची यादी लेखी मागा.

कापडावर चढवणे ही मान्य पद्धत आहे: मध्ये जपानी कागद, आणि चिकटवायला गव्हाची खळ, म्हणजे पुढे पाण्याने सुटते. कोरड्या उष्णतेने फोमबोर्डवर चिकटवलेले पोस्टर मात्र घेऊ नका. ते सोडवताना कागद जातो.

७. पैसे देण्याआधी मागायची कागदपत्रे

- पावतीवर चित्रकार, प्रयोगाचे नाव, वर्ष, छापखाना, छपाईचे तंत्र, कागदाचे माप आणि ‘त्या काळातली मूळ छपाई’ हे शब्द. ‘च्या शैलीत’, ‘च्या धर्तीवर’ असे काही असेल तर व्यवहार तिथेच थांबवा.
- पुढचा, पाठीचा, चारही कोपऱ्यांचा आणि छापखान्याच्या ओळीचा फोटो. पाठीचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.
- दुरुस्तीचा लेखी तपशील.
- खोटे निघाल्यास परत घेण्याची मुदत, लेखी.
- महागडी वस्तू फ्रान्समधून येणार असेल, तर तिकडच्या निर्यात-दाखल्याची गरज आहे का, याचे विक्रेत्याकडून उत्तर.

८. भारतात आणताना

जकातीत प्रश्न येतो वर्गीकरणाचा. जकातीच्या सूचीतले शीर्षक ९७०२ मूळ शिळाछापासाठी आहे, पण त्यात दगड किंवा पत्रा कलाकाराने पूर्णपणे हाताने केलेला असावा लागतो आणि यांत्रिक किंवा फोटोवरून केलेली छपाई चालत नाही. साधी छापील चित्रे ४९११ मध्ये जातात. शंभर वर्षांवरच्या वस्तूंसाठी ९७०६ आहे, पण ९७०२ मध्ये बसणारी वस्तू वयामुळे तिकडे सरकत नाही. पावतीवर नुसते ‘पोस्टर’ लिहिले असेल तर अधिकारी स्वाभाविकपणे ४९११ धरतो. म्हणून वर्णन सविस्तर लिहून घ्या आणि त्या दिवशीचा दर जकात-दलालाकडून आधी विचारा. ‘गिफ्ट’ लिहून किंवा किंमत कमी दाखवून पाठवतो, असे कुणी म्हणाले तर नको म्हणा. माल अडकतोच, वर विम्याची भरपाईही त्या कमी किमतीचीच मिळते.

आयातीचे बिल ऑफ एंट्री जन्मभर जपा. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्याने निर्बंध आहेत. उद्या पोस्टर परदेशी विकायचे किंवा सोबत न्यायचे झाले, तर ते बाहेरून आले होते हे त्याच कागदाने दाखवता येईल.

कापडावर चढवलेले पोस्टर नळकांड्यातून येऊ शकते, पण नळकांडे किमान १० ते १५ सेंटिमीटर व्यासाचे हवे. न चढवलेला ठिसूळ कागद दोन पुठ्ठ्यांत सपाटच मागवा. आल्याबरोबर उघडू नका. बंद खोक्यातच एक दिवस खोलीच्या हवेला येऊ द्या.

९. घरात: पावसाळा हाच मोठा शत्रू

युरोपातला सल्ला ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता धरून दिलेला असतो. मुंबई-कोकणात जुलैत ती ८० च्या वर राहते, आणि बुरशीला तेवढे पुरते. म्हणून:

- बाहेरच्या भिंतीवर, न्हाणीघराच्या भिंतीवर किंवा एसीच्या झोतात लावू नका. फ्रेम आणि भिंत यांत दोन-तीन सेंटिमीटर हवा खेळू द्या.
- काच कागदाला टेकता कामा नये. मध्ये माउंट किंवा पट्टी हवी. मोठ्या पोस्टरला काचेऐवजी अतिनील रोखणारे अॅक्रिलिक बरे, वजनही वाचते.
- फ्रेमवाल्याला आधीच बजावा: फेव्हिकॉल नाही, सेलोटेप नाही, लॅमिनेशन नाही, पाठीला प्लायवूड नाही. आम्लरहित बोर्ड आणि जपानी कागदाच्या बिजागऱ्या, बस्स. हे काम कधी केलेले नसेल, तर दुसरा फ्रेमवाला शोधा.
- उजेड ५० लक्सच्या आसपास. लाल आणि पिवळे आधी उडतात. वर्षातून तीन-चार महिने लावा, बाकी वेळ अंधारात सपाट ठेवा.
- डांबराच्या गोळ्या फ्रेममध्ये किंवा खणात कागदाला लागून ठेवू नका. सिलिका जेल ठेवलेत तर ते दर काही दिवसांनी तापवून कोरडे करावे लागते. ओले झालेले जेल काहीच शोषत नाही.

कसर लागते ती खळीच्या ओढीने, म्हणून कापडावर चढवलेल्या पोस्टरची पाठ जास्त धोक्यात असते. मेअखेरीस आणि दिवाळीच्या आधी फ्रेम उतरवून पाठ बघा, चारही कोपऱ्यांचे फोटो काढा आणि मागच्या वर्षीच्या फोटोंशी ताडा. राखाडी किंवा हिरवट ठिपका दिसला तर पुसू नका. पुसल्याने बुरशी कागदात आत रेटली जाते. पोस्टर वेगळे करून कोरड्या, हवेशीर खोलीत ठेवा आणि कागद-संवर्धकाला बोलवा.